काटकसर, निवृत्ती आणि आनंदाचा वाटा

(संस्थेच्या वर्षावास समारोप कार्यक्रमात दिलेले भाषण)



धम्मावर बोलण्याचा अधिकार भन्तेजींचा आहे आणि इतिहासाचे जाणकार आपल्या संस्थेत पुष्कळ आहेत. मी बँकेतला कारकून. म्हणूनच कार्यकर्त्यांनी माझ्याकडे पैशाचा विषय सोपविला असावा. आयुष्यभर काटकसरीने राहून मुदतीपूर्वी सेवानिवृत्त झालेल्या माणसाने मौजेसाठी, आनंदासाठी पैसा खर्च करावा की करू नये, असा हा प्रश्न आहे. बेकारी, कर्जबाजारीपणा, शिक्षणाचा वाढता खर्च असे गंभीर विषय समोर असताना मौजेवर व्याख्यान कशाला, असे कोणाला वाटेल. परंतु पैसा आहे, वेळ आहे, हातपाय चालत आहेत आणि तरीही खिशात हात जात नाही, अशा स्थितीत पंधरा-वीस वर्षे काढणारी कुटुंबे आपल्या वस्त्यांत आहेत. त्या घरांत या प्रश्नावरून दिवसचे दिवस अबोला धरला जातो. म्हणून तो येथे मांडणे मला अगत्याचे वाटते.

प्रथम ही मुदतपूर्व निवृत्ती आली कोठून ते पाहू. इ. स. २००० मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. पंधरा वर्षे सेवा झालेल्या किंवा वयाची चाळीस वर्षे पूर्ण केलेल्या कर्मचाऱ्याला तिचा लाभ घेता येत होता. प्रत्येक पूर्ण सेवावर्षामागे साठ दिवसांचा पगार किंवा सेवेच्या उरलेल्या महिन्यांचा पगार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती सानुग्रह रक्कम म्हणून मिळे. देशभरातील एक लाखाहून अधिक बँक कर्मचारी त्या योजनेत बाहेर पडले. पुढे २०१९ च्या नोव्हेंबरात बीएसएनएल आणि एमटीएनएल या सरकारी टेलिफोन कंपन्यांत पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी तशीच योजना आली. बीएसएनएलमधील सुमारे ७८ हजार आणि एमटीएनएलमधील १४ हजारांहून अधिक कर्मचारी ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी घरी बसले. रेल्वे, टपाल, टेलिफोन, बँका आणि सरकारी कचेऱ्या ही आपल्या समाजातील पहिल्या पगारदार पिढीची ठिकाणे. त्यामुळे या आकड्यांत आपले लोक पुष्कळ होते, हे वेगळे सांगावयास नको.

या पिढीची काटकसर कोठून आली हेही समजून घेतले पाहिजे. वडील खेड्यात सालदार किंवा शहरात हमाल, आई दुसऱ्याच्या शेतावर. घरात पहिला पगार आला तो यांच्या हातून. त्या एका पगारावर धाकट्या भावांची शिक्षणे, बहिणींची लग्ने, गावाकडचे आजारपण आणि शहरातली एक खोली एवढा सगळा पसारा चालला. अशा माणसाने रिक्षाऐवजी पायी जाणे, डबा घरून नेणे, एक सदरा चार वर्षे वापरणे हा कंजूषपणा नव्हता. त्यातूनच आज आपल्या घरांत इंजिनिअर, डॉक्टर, प्राध्यापक दिसतात. तेव्हा या काटकसरीला कोणी हसू नये.

निवृत्तीनंतरची त्यांची भीतीही खोटी नाही. जानेवारी २००० च्या मध्यापर्यंत सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीवर बारा टक्के व्याज मिळत होते. मार्च २००३ पासून तेच आठ टक्के झाले. बँकांतील मुदत ठेवींचे दरही त्या काळात असेच उतरले. म्हणजे ज्या बँक कर्मचाऱ्याने २००१ साली व्याजाचा हिशोब मांडून नोकरी सोडली, त्याचा हिशोब दोन वर्षांत चुकला. दुसरे गणित महागाईचे. वर्षाला सहा टक्क्यांनी भाव वाढत गेले तर बारा वर्षांत ते दुप्पट होतात. बावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेला माणूस ऐंशीपर्यंत जगला तर त्याला अठ्ठावीस वर्षे काढावयाची असतात. एवढ्या काळात भाव दोनदा दुप्पट होतील. त्यात आजारपण आले तर? मुलाची नोकरी गेली तर? असा विचार करणारा माणूस जपून वागतो, यात त्याचा दोष नाही.

मात्र भीतीलाही माप असावे लागते. बँकेच्या काउंटरवर बसून एक गोष्ट नेहमी दिसते. काही ठेवी आठ-आठ, दहा-दहा वेळा नूतनीकरण झालेल्या असतात. मालकाने त्यांतील व्याजही कधी उचललेले नसते. बहुतेक ठेवी पतिपत्नीच्या संयुक्त नावावर असतात. मग एके दिवशी दोघांपैकी एकजण मृत्यूचा दाखला घेऊन येतो आणि पावतीवरचे दुसरे नाव कमी करून मागतो. रक्कम जशीच्या तशी असते. तिचा उपभोग दोघांनी मिळून घेण्याचा काळ तेवढा संपलेला असतो. ही रक्कम नेमकी कशासाठी राखली होती, असे विचारले तर पुष्कळांना उत्तर देता येत नाही. अडचणीसाठी, असे ते म्हणतात. अडचण किती रुपयांची, हे मात्र कधी कागदावर मांडलेले नसते.

आता तथागत भगवान बुद्धांनी गृहस्थाला काय सांगितले ते पाहू. बुद्ध म्हणजे त्याग, बुद्ध म्हणजे सर्व सोडणे, अशी एक समजूत लोकांत आहे. ती भिक्खूच्या बाबतीत खरी असेल. गृहस्थासाठी त्यांनी वेगळा उपदेश केला. अंगुत्तर निकायात दीघजाणू नावाच्या कोलिय गृहस्थाचे सुत्त आहे. हा दीघजाणू बुद्धांना मोकळेपणाने सांगतो की आम्ही संसारी माणसे, मुलाबाळांच्या गराड्यात राहतो, काशीचे चंदन लावतो, फुलांच्या माळा घालतो, सोनेनाणे बाळगतो. आमच्यासारख्यांना या लोकी आणि पुढेही हितकारक होईल असे काही सांगा. बुद्धांनी त्याला चंदन टाकून दे असे सांगितले नाही. या लोकीच्या हितासाठी त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. उद्योग करावा, मिळविलेले जपावे, चांगल्यांची संगत धरावी आणि जमाखर्चाचा मेळ घालून समतोल जीवन जगावे. तराजू धरणाऱ्याला पारडे किती खाली गेले, किती वर आले हे जसे कळते, तसे गृहस्थाला आपली आवक आणि जावक कळली पाहिजे. यात त्यांनी दोन दोष दाखविले आहेत. आवक थोडी आणि थाट मोठा हा पहिला. आवक मोठी असूनही कंगालासारखे जगणे हा दुसरा. पहिल्या दोषावर आपल्या सभांतून वारंवार बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. लग्नातला डीजे, वाढदिवसाचे फलक, हप्त्यावर घेतलेली मोटारसायकल यांवर टीका होते. दुसऱ्या दोषाचे नाव मात्र आपण घेत नाही. उलट त्याला साधी राहणी म्हणून हार घालतो.

या दुसऱ्या दोषाची गोष्ट संयुत्त निकायात आली आहे. श्रावस्तीतील एक निपुत्रिक धनिक मरण पावला. वारस नसल्याने त्याचे धन राजवाड्यात आणून राजा पसेनदी भर दुपारी बुद्धांकडे आला. त्याने सांगितले की त्या माणसाचे नुसते सोनेच ऐंशी लाखांचे होते. पण तो कण्यांचा भात आंबट पेजेबरोबर खाई, तागाचे जाडेभरडे वस्त्र नेसे आणि पानांचे छत लावलेल्या मोडक्या गाडीतून फिरे. त्यावर बुद्ध म्हणाले की असा माणूस संपत्ती मिळवून स्वतःला सुखी करीत नाही, आईवडील, पत्नी-मुले, नोकरचाकर, मित्र यांना सुख देत नाही आणि दानही करीत नाही. निर्जन, भुताखेतांच्या जागी स्वच्छ पाण्याचे तळे असावे आणि त्यातील ओंजळभर पाणी कोणी पिऊ नये, तशी ती संपत्ती वाया जाते. येथे क्रम ध्यानात घ्यावा, अशी माझी विनंती आहे. त्या यादीत पहिले नाव स्वतःचे आहे. स्वतःला सुखी करणे याला बुद्धांनी स्वार्थ म्हटले नाही. संपत्तीच्या उचित विनियोगात त्यांनी ते पहिले धरले.

अनाथपिंडिकाला सांगितलेली गृहस्थाची चार सुखेही आपणांस ठाऊक आहेत. न्यायाने मिळविलेले धन जवळ असण्याचे सुख, त्याचा उपभोग घेण्याचे आणि त्यातून पुण्यकर्मे करण्याचे सुख, कर्ज नसण्याचे सुख आणि निर्दोष आचरणाचे सुख. चौथे सुख सर्वांत मोठे, पहिली तीन त्याच्या सोळाव्या हिश्शालाही पुरत नाहीत, असेही तेथे सांगितले आहे. आपले निवृत्त बांधव धन जवळ बाळगण्याचे सुख घेतात, कर्ज नसण्याचे घेतात, शीलाने वागतात. चारांपैकी तीन सुखे त्यांच्या घरी नांदतात. दुसऱ्याला मात्र दाराबाहेर उभे केलेले असते.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गृहस्थांचा विनय सांगताना हीच बाजू स्पष्ट केली आहे. बुद्धांनी दारिद्र्याचा गौरव केला नाही, संपत्तीचे स्वागतच केले. ती मिळविण्याला मात्र नीतीचे नियम लावले, असे ते सांगतात. बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते. १९१८ साली बर्ट्रांड रसेल यांच्या ग्रंथाचे परीक्षण करताना पैशाच्या लोभाविषयी त्यांनी एक मार्मिक मुद्दा मांडला होता. पैशाची ओढ ही नेहमी कशासाठी तरी असते आणि ते ‘कशासाठी’ कोणते, यावर ती ओढ चांगली की वाईट हे ठरते, असा त्याचा आशय आहे. काटकसरीलाही हीच कसोटी लावावी. न्यूयॉर्कमध्ये शिकत असताना स्वतः बाबासाहेबांनी पोटाला चिमटा घेऊन पैसे वाचविले आणि त्यांतून जुनी पुस्तके विकत घेतली. ती दोन हजारांच्या आसपास होती असे चरित्रकार सांगतात. त्या काटकसरीला ग्रंथांचा उद्देश होता. हेच बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकले. त्यांच्याइतके काम कोणाच्या अंगावर होते? तरीही त्या आयुष्यात सुरांना जागा मिळाली.

येथे माता रमाईंचे स्मरण करणे आवश्यक आहे. बाबासाहेब परदेशी असताना त्यांनी मुंबईत हालअपेष्टांत संसार रेटला. त्यांच्या त्यागाची गाणी आपण गातो आणि गाता गाता आपले डोळे भरून येतात. परंतु तो त्याग त्यांनी केला तो पुढच्या लेकीबाळींना तसे जगावे लागू नये म्हणून. हाती पेन्शन असताना, ठेवी असताना बायकोने फाटके नेसावे आणि वर तिला रमाईंचे उदाहरण द्यावे, हे मला पटत नाही. निवृत्त गृहस्थाची काटकसर बहुधा बायकोच्या स्वयंपाकघरात चालते. त्याला नोकरीतून सुट्टी मिळाली. तिला भांड्यांतून आणि चुलीतून सुट्टी मिळालेली नाही. आठवड्यातून एकदा बाहेर जेवणे ही त्याच्या लेखी उधळपट्टी असते, तिच्या लेखी ती एका संध्याकाळची विश्रांती असते. म्हणून मौजेवर खर्च करावा की नाही, हा निर्णय घेताना घरातल्या उपासिकेचे मत प्रथम विचारावे. तिचे नाव ठेवीच्या पावतीवर आहेच. तिचे मतही त्या पैशावर असू द्यावे.

आणखी एक गंमत सांगतो. आपल्याकडे बुद्धगया, सारनाथ, दीक्षाभूमी, चैत्यभूमी म्हटले की पैसे निघतात. तो धम्माचा खर्च म्हणून मनाला बोचत नाही. धम्मयात्रा अवश्य करावी. परंतु महाबळेश्वरला जाऊ, कोकणात समुद्र पाहू, नाट्यगृहात चांगले नाटक बघू, पेटी शिकायला शिक्षक लावू, असे कोणी म्हणाले की लगेच प्रश्न येतो, त्याचा उपयोग काय? माणसाच्या आनंदाला दरवेळी धम्माची पावती फाडावी लागू नये. चोरून पाहिलेला समुद्र आणि राजरोस पाहिलेला समुद्र यांत फरक असतो.

यावर तीन आक्षेप येतील. सिगालोवाद सुत्तात नाचगाण्याच्या जत्रा संपत्तीनाशाच्या सहा मार्गांत सांगितल्या आहेत, हा पहिला आक्षेप. ते खरे आहे. मद्य, अवेळी भटकणे, जत्रातमाशे, जुगार, वाईट संगत आणि आळस हे ते सहा मार्ग. परंतु नाच कोठे आहे, गाणे कोठे आहे, याचाच सदैव शोध घेत फिरणाऱ्या माणसाविषयी तो इशारा आहे. त्याच सुत्तात संपत्तीचे चार भाग करावयास सांगितले आहेत. एक भाग उपभोगाला, दोन उद्योगाला आणि चौथा संकटकाळासाठी. तेथे उपभोगात सारा घरखर्च येतो, हे मान्य. तरी सर्व चारही भाग संकटकाळासाठी ठेवा, असे तेथे म्हटलेले नाही.

दुसरा आक्षेप समाजाच्या ऋणाचा. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्याला देण्यास सांगितले. तो भाग न देता सहली करणाऱ्याचे समर्थन मी करणार नाही. आधी विसावा भाग बाजूला काढावा. त्यानंतरचा खर्च सुखाने करावा.

तिसरा आक्षेप मुलांचा. आम्ही मौज केली तर मुलांना काय उरेल? मुलांना शिक्षण दिले, शील दिले, उभे केले. त्यांना आजारी आईबापांच्या दवाखान्याचा भार पडू नये एवढी तजवीज जरूर असावी. त्यापलीकडची संपूर्ण रक्कम न वापरता त्यांच्या हवाली करण्याचे बंधन आपल्यावर नाही.

आता व्यवहाराचे बोलू. निवृत्ताने वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये, पतिपत्नीने एकत्र बसून चार रकाने आखावेत. पहिला घरखर्चाचा. दुसरा आजारपण आणि संकटाचा; यात आरोग्य विम्याचा हप्ता आणि लगेच मोडता येईल अशी ठेव हवी. तिसरा विसाव्या भागाचा. चौथा आनंदाचा. समजा, एका जोडप्याची पेन्शन महिना तीस हजार आणि ठेवी तीस लाखांच्या आहेत. ठेवींवर सात टक्के व्याज धरले तर वर्षाला दोन लाख दहा हजार येतात. पेन्शन वर्षाला तीन लाख साठ हजार. एकूण पाच लाख सत्तर हजार. त्याचा विसावा भाग साडेअठ्ठावीस हजार. तेवढाच भाग आनंदाला दिला तरी मुद्दलाला हात लागत नाही आणि घरखर्च व संकट यांसाठी पाच लाखांहून अधिक उरतात. त्यातून न खर्चलेले व्याज मुद्दलात घालत जावे, म्हणजे महागाईची तोंडमिळवणी होते. साडेअठ्ठावीस हजारांत दोघांचा एखादा प्रवास, दोन-चार नाटके आणि महिन्यातून एकदा बाहेरचे जेवण बसते. ज्याची पेन्शन कमी त्याने विसाव्याऐवजी चाळिसावा भाग धरावा. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याने आधी कर्ज फेडावे, कारण कर्जमुक्तीचे सुखही चारांपैकी एक आहे. मात्र चौथ्या रकान्यात वर्षअखेरीस शिल्लक राहता कामा नये, हा नियम करावा. काटकसरी माणसाला शिल्लक ठेवण्याची शिस्त शिकवावी लागत नाही. खर्च करण्याचीच शिस्त लावून घ्यावी लागते.

सुरक्षित ठेवीसाठी मार्ग आहेत. २००४ च्या ऑगस्टमध्ये ज्येष्ठ नागरिक बचत योजना सुरू झाली. साधारण नियम साठ वर्षांचा असला तरी स्वेच्छानिवृत्तांना ती पंचावन्नपासून खुली करण्यात आली आणि एप्रिल २०२३ पासून तिची मर्यादा पंधरा लाखांवरून तीस लाखांवर नेण्यात आली. एका बँकेत एका ठेवीदाराच्या पाच लाखांपर्यंतच्या रकमेला विमा संरक्षण आहे. ते फेब्रुवारी २०२० पूर्वी एक लाख होते. ही माहिती मी मुद्दाम देतो, कारण भीती कमी झाल्याशिवाय आनंदाचा रकाना भरला जात नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काहीजण चाळिशीतच निवृत्त होण्याच्या गोष्टी करतात, असे ऐकतो. हा विचार अमेरिकेतून आला. जो डॉमिंग्वेझ आणि विकी रॉबिन यांचे ‘युवर मनी ऑर युवर लाइफ’ हे पुस्तक १९९२ साली निघाले. १९९४ साली विल्यम बेंगेन यांनी तेथील शेअर व रोख्यांच्या जुन्या आकड्यांवरून हिशोब मांडला की पहिल्या वर्षी पुंजीच्या चार टक्के काढून पुढे महागाईप्रमाणे रक्कम वाढवीत गेल्यास पुंजी तीस वर्षे पुरते. हा हिशोब अमेरिकेच्या बाजाराचा आहे, तो तसाच येथे लावू नये. शिवाय वीस वर्षे प्रत्येक रुपया अडवून धरणाऱ्याचा हात निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी मोकळा होत नाही. तो हात पहिल्या पगारापासूनच थोडा मोकळा ठेवावा लागतो. पहिल्या पगारातून विसावा भाग द्या, बचत करा आणि थोडे पैसे आईला घेऊन कोठेतरी जाण्यासाठी ठेवा.

शेवटी वडीलधाऱ्यांना एकच विनंती. पैशाला मुदत ठेव आहे, तशी गुडघ्याला नाही. आज अजिंठ्याच्या पायऱ्या चढता येतात, आज दात मजबूत आहेत, आज दोघेही आहात. ज्या घामातून हा पैसा आला त्याचा मान राखावयाचा तर त्यातील थोडा भाग घाम गाळणाऱ्याच्या अंगी लागला पाहिजे. आपल्या आधीच्या पिढ्यांना उपभोग नाकारला गेला होता. चांगले कपडे घालणे, दागिना घालणे यांवरही बंदी होती. ती बंदी इतरांनी लादलेली होती आणि आपण ती मोडली. आता तशीच बंदी आपण स्वतःवर घालून घेऊ नये, एवढेच माझे सांगणे आहे.

 नमो बुद्धाय! जयभीम!